रापणीच्या किनाऱ्यावर नऊ खाटा

फोंडा घाट उतरताना एस.टी.च्या टपावरची आमची एक गोणी सुटून रस्त्यावर पडली. ड्रायव्हरने गाडी थांबवली, कंडक्टरने गोणी उचलून पाहिली आणि ती जड लागल्यावर विचारले, "बाई, आहे काय हो हिच्यात?"

खोटे बोलायची सवय नाही, म्हणून मी खरे सांगितले. वाळू.

"आणि निघालात कुठे?"

"मालवणला."

सगळी गाडी हसली. समुद्रकाठी वाळू घेऊन जाणारी माणसे त्या घाटाने त्याआधी पाहिली नसावीत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की रुग्णाचे डोके हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या ठेवतात. अशा अठरा पिशव्या आमच्या डॉक्टरसाहेबांनी दवाखान्यातच धुऊन, भाजून, शिवून घेतल्या होत्या. "साहेब, तिथे समुद्र आहे," मी दोनदा सांगून पाहिले. "तिथली वाळू स्वच्छ नसेल," ते म्हणाले आणि विषय मिटला. साहेबांशी वाद घालायचा म्हणजे इंग्रजीत घालावा लागतो, आणि चिडले की माझे इंग्रजी पळून जाते.

मी घाटावरची, कोरडवाहू मुलखातली. मिशनच्या दवाखान्यात बारा वर्षे नर्स होते. डॉक्टरसाहेब परदेशातून तीन महिन्यांच्या सेवेसाठी आलेले. कोकणच्या टोकाला डोळ्यांचा दवाखाना नाही असे त्यांनी कुठेसे ऐकले आणि शिबिराची टूम काढली. कोण येणार, असे प्रार्थनेनंतर विचारले तेव्हा मी आपण होऊन हात वर केला. त्या हाताची मला पुढे पुष्कळ आठवण झाली. आमच्याबरोबर कंपाउंडर दानिएल होता आणि पाद्रीसाहेब होते. तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीजांचे राज्य होते, आणि आपल्या हद्दीतला हा किनाराही मला परमुलुखच वाटत होता. बोली कळेना, हवा चिकट, आणि ज्वारीची भाकरी औषधालाही मिळेना.

शिबिरासाठी शाळा मिळणार असे पत्र आले होते. पोचल्यावर कळले की शाळेत परीक्षा आहेत. "मग पत्र का पाठवलंत?" मी हेडमास्तरांना विचारले. "तेव्हा नव्हत्या," ते शांतपणे म्हणाले. इथे सगळे सगळ्याला शांतपणेच उत्तर देतात. माझा आवाज जितका चढे तितका समोरच्याचा उतरे, आणि शेवटी तो म्हणे, "बघूया." त्या एका शब्दाने मी दहा दिवसांत हात टेकले.

शेवटी गावाबाहेर, माडांच्या पलीकडे, अगदी वाळूवर एक मोठा मांगर (जाळी ठेवायचे झावळ्यांचे खोपट) मिळाला. तो आबा नावाच्या गृहस्थांचा होता. आबा म्हणजे तिथल्या मच्छीमारांचे पुढारी, बोलण्यात तिरकस पण मनाचे उदार. जाळी बाहेर काढून त्यांनी जागा झाडून दिली.

"इथे शांतता असते ना? माझ्या रुग्णांना आठ-नऊ दिवस गडबड चालायची नाही," मी विचारले.

"शांत? गेलो म्हयनोभर हय कावळोसुद्दा येवक नाय," आबा म्हणाले.

महिनाभर कावळा का आला नाही, हे मी विचारले नाही. मला शांतता हवी होती, ती मिळाली, आणि मी खाटा मांडायला लागले. नऊ खाटा बसल्या.

पहिले दोन दिवस एकही माणूस फिरकला नाही. म्हणजे बघायला आले, ढीगभर आले, पण डोळा दाखवायला कुणी नाही. ही माणसे आपल्याला बाटवायला आली आहेत अशी कुजबुज होती. ती खोटी ठरावी म्हणून पाद्रीसाहेबांना मी भाषण आवरायला सांगितले, तर ते माझ्यावर रुसले. दानिएलने याच वेळी बँडेजच्या पट्ट्या समुद्रात धुऊन वाळत घातल्या. त्या मिठाने पापडासारख्या कडक झाल्या. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी देवळात गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाणे म्हणजे देवाशी चारचौघांदेखत केलेले बोलणे. एकाने देवाला सगळी हकीकत सांगायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. आम्ही कोण, कुठून आलो, डोळे चिरून बरे करतो म्हणतो, तर आमच्या हाताला यश दे, असे आबांनी देवाला बजावले. मी देवळाबाहेर उभी राहून ऐकले. आमच्या पत्रांपेक्षा ते नेमके होते हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर पहिला रुग्ण आला तो विठू तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. वय सत्तरीचे, अंगाने सडसडीत, हातांची कातडी दोरांनी घट्टे पडून लाकडासारखी झालेली. सून सत्यभामा त्यांना हाताला धरून घेऊन आली. डावा डोळा काही वर्षांपूर्वी एका वैदूने सुई घालून कायमचा घालवला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. म्हणजे जे काही करायचे ते या एकाच डोळ्यावर.

सत्यभामेने सांगितले की किनाऱ्यावर उभे राहून, पाण्याचा रंग पाहून, मासळीचा थवा कुठे आहे हे सासरे सांगत. त्यांनी हात केला की होडी सुटे. दृष्टी गेली तशी ती जागा गेली. आता ते दिवसभर पडवीत बसून असतात आणि कुणी विचारले तरच बोलतात.

"नातवाचं तोंड पाहायचं असेल ना?" मी नेहमीचा प्रश्न विचारला. म्हाताऱ्या रुग्णांना तो आवडतो.

"नातवाचा तोंड माका हातान कळता," ते म्हणाले. "पाण्याचो रंग हातान कळणा नाय."

पाद्रीसाहेबांनी ऑपरेशनआधी प्रार्थना करू का, असे विचारले. तांडेल म्हणाले, "करा. आमच्या देवाक आबान सांगलेलाच आसा. दोगांनी मिळान बघांदेत." पाद्रीसाहेबांना हे फारसे रुचले नाही, पण त्यांनी प्रार्थना केली. डॉक्टरसाहेबांनी त्या डोळ्याला दीड तास घेतला, आणि ऑपरेशन उत्तम झाले. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. असे ते क्वचित करतात.

तांडेल खाटेवर गेले तसे इतर आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊही खाटा भरल्या आणि माझे खरे हाल सुरू झाले.

त्या वेळी डोळ्याला एखादाच टाका घालत. जखम आपोआप मिटेपर्यंत रुग्णाने उताणे पडून राहायचे, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, कानांशी वाळूच्या पिशव्या. जोराने खोकायचे नाही, चावायचे नाही, कुंथायचे नाही. मी रोज सकाळी खाटांच्या मध्ये उभी राहून मोठ्याने बजावत असे. "हलायचं नाही. उठायचं नाही. डोळ्याला हात लावायचा नाही. पट्टी सोडायची नाही." तिसऱ्या खाटेवरचा म्हातारा दर वेळी विचारी, "आणि श्वास घेव काय?" सगळे हसत, आणि हसणेसुद्धा मना होते.

नातेवाइकांनी तर मला वेड लावायचेच बाकी ठेवले होते. रुग्णांना दूध आणि पातळ पेज (मऊ शिजवलेल्या भाताचे पाणी) एवढेच द्यायचे ठरले होते. पण पदराखालून कुर्ल्या (खेकडे) येत. कुर्ली फोडून खायची म्हणजे दातांनी कडाकड चावायची. मी एकीला पकडले तेव्हा ती म्हणाली, "बाय, कुर्ली खाल्ली नाय तर तेका बरा कसा वाटतला?" दुसरीने तर मलाच एक नांगी दिली. मी ती रागाने परत केली आणि संध्याकाळी मला त्याचा पश्चात्ताप झाला, कारण तीन दिवस मी उकड्या तांदळाचा लाल भात आणि सोलकढीवर होते. डॉक्टरसाहेबांना सोलकढी इतकी आवडली की ते ती पेल्यांनी पीत आणि मला म्हणत, "सिस्टर, तुम्ही आनंदी का नाही?"

या सगळ्यात एकच माणूस मला त्रास देत नव्हता. नवव्या खाटेवर, दाराशी, विठू तांडेल पडून होते. खोकले नाहीत, चावले नाहीत, बोललेसुद्धा नाहीत. मी इतरांना म्हणे, "तांडेलांकडे बघा, कसे पडून आहेत!" पाहणार कोण, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, हे माझ्या लक्षात येत नसे. दाराजवळची खाट मी त्यांना मुद्दाम दिली होती. शहाण्या माणसाकडे लक्ष द्यावे लागत नाही, असा माझा हिशेब होता.

त्यांच्या ऑपरेशनचा पाचवा दिवस. सकाळचे आठ वाजले असतील. डॉक्टरसाहेब विहिरीवर दाढी करीत होते, मी तिसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला चमच्याने पेज भरवीत होते. एकाएकी बाहेर आरोळी उठली. मग दुसरी. मग सगळा किनारा ओरडायला लागला. "रापण! रापणीक येवा रे!"

रापण म्हणजे काय ते मला तोपर्यंत माहीत नव्हते. थवा किनाऱ्याजवळ आला की होडीने त्याच्याभोवती भले मोठे जाळे अर्धगोल टाकतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात. मग दोन रांगांत उभे राहून माणसे ते ओढतात. त्याला पन्नास-साठ माणसे कमी पडतात. म्हणून आरोळी आली की ज्याच्या कानावर पडेल त्याने धावायचे आणि रशीला हात लावायचा. ज्याचा हात लागला त्याचा मासळीत वाटो (वाटा). महिनाभर थवा आला नव्हता म्हणून तिथे कावळा नव्हता. आज तो आला होता.

क्षणात मांगर रिकामा झाला. नातेवाईक गेले, पाणी भरणारी बाई घागर टाकून गेली, दानिएलसुद्धा गेला. दोघे रुग्ण पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत उठून बसले. एकाला मी खांदे धरून आडवे केले, दुसऱ्याच्या पायांवर चक्क बसले. "मेले आहेत का सगळे बाहेर, तुमचीच गरज आहे?" मी किंचाळत होते. तिसऱ्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "आज माका ह्या बायन धरल्यान म्हणान, नायतर गेलो आसतंय." मी दाराकडे पाठ करून बसले होते.

वळून पाहिले तेव्हा नववी खाट रिकामी होती. वाळूच्या दोन्ही पिशव्या उशाशी नीट ठेवलेल्या, चादर घडी केलेली.

मी अनवाणी धावले. वाळूत दोन लांब रांगा, पुरुष, बायका, सगळे मागे झुकून ओढत होते, आणि उत्तरेच्या रांगेत एका डोक्याला पांढरी पट्टी होती. तांडेलांनी रशीचा वेढा कमरेला घेतला होता, टाचा वाळूत रोवल्या होत्या, मानेच्या शिरा टरारल्या होत्या. पुढच्या-मागच्या माणसांनी त्यांना जागा करून दिली होती. कुणालाही त्यात काही वावगे वाटले नव्हते.

"सोडा! सोडा आधी ती रशी!" मी त्यांच्या मुठी उकलायला लागले. त्या उकलेनात.

"रव गो बाय, रापण इलीच," ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू होते. पाच दिवसांत मी ते पहिल्यांदाच पाहिले.

मी दोन्ही हातांनी रशी धरून त्यांना मागे खेचले. रांगेतले कुणीतरी ओरडले, "बायनव हात लायलो रे!" आणि सगळे हसले. मला रडू फुटायच्या बेतात होते आणि ती माणसे माझे स्वागत करीत होती.

डॉक्टरसाहेबांनी तोंडावरच्या साबणासकट येऊन पट्टी उघडली. जखम उसवली होती, आतला काळा पडदा बाहेर आला होता, आणि डोळा रक्ताने भरला होता. त्यांनी हात धुतले आणि जे करता येण्याजोगे होते ते केले. तासाभराने पट्टी पुन्हा बांधून ते समुद्राकडे तोंड करून बसले.

दुपारी सत्यभामा टोपली घेऊन आली. तारल्या आणि बांगडे, ताजे, चकचकीत. तिने केळीच्या पानावर दोन ढीग घातले.

"हो मामांचो वाटो. आणि हो तुमचो. मामांनी धाडूक सांगला. तुमचो हात लागलो होतो मां?"

तळपायाची आग माझ्या मस्तकात गेली. मी नवव्या खाटेशी गेले आणि चार दिवस साठलेले सगळे बाहेर काढले. तुम्हाला कळतं का काय केलंत? साहेब सात समुद्र ओलांडून आले ते कशासाठी? रोज घसा फोडून सांगत होते ते काय भिंतींना? सत्यभामा घाबरून मागे सरली.

तांडेल माझे संपेपर्यंत थांबले.

"बाय, तू सांगलंस डोळ्याक हात लावक नको. मी लावक नाय. पट्टी सोडूक नको. सोडूक नाय. हलाक नको, तर चार दिस हलाक नाय. पण रापण लागली काय माणसां लग्नातसून उठान येतत गो. ओढूचा काम हातांचा. डोळे माझे मिटलेलेच होते. हातांनी ओढल्यार डोळो फुटता, ह्या माका खंय ठावक?"

मी वाळूच्या पिशव्या पुन्हा त्यांच्या कानांशी लावू लागले.

"ता सांगलं आसतंस," ते म्हणाले, "तर मी तुका माका खाटेक बांधूक सांगलं आसतंय."

बारा वर्षे मी रुग्णांना काय करायचे नाही ते सांगत होते. का नाही, ते सांगावे असे मला एकदाही वाटले नव्हते. त्यांना कळणार नाही असे मी धरून चालले होते. आणि हा माणूस पाण्याच्या रंगावरून खालचा मासा ओळखत असे.

डॉक्टरसाहेब मागे येऊन उभे होते. "काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारले.

"चूक झाली म्हणतोय," मी सांगितले.

इतके सरळ खोटे मी पूर्वी कधी बोलले नव्हते. साहेबांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर थोपटले. संध्याकाळी त्यांनी माझ्या वाट्याच्या तारल्या आवडीने खाल्ल्या. मला एक घास गेला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या पट्ट्या काढल्या. आठ जणांना दिसायला लागले. तिसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाला, "आवाजावरसून मोठी वाटलंस." बायका रडल्या, नारळ फोडले, पाद्रीसाहेबांनी उपकारस्तुती केली. शेवटी नववी खाट. साहेबांनी पट्टी सोडली, तांडेलांनी पापणी उघडली आणि तोंड दाराकडे वळवले. दाराबाहेर समुद्रच होता.

"उजेड आसा," ते म्हणाले.

"आणि पाणी?" मी विचारले.

"नाय."

ते उठले, सुनेचा खांदा धरला आणि चालू लागले. दारात थांबून मला म्हणाले, "बाय, सांभाळून जा. घाटात गाडी लागता." मला वाटले होते की ते मला दोष देतील. दिला असता तर बरे झाले असते.

परतीच्या गाडीत वाळूच्या पिशव्या नव्हत्या. त्या आम्ही किनाऱ्यावरच रिकाम्या केल्या. पाद्रीसाहेब झोपले, दानिएल सुकट मांडीवर घेऊन बसला, त्यावरूनही मी त्याला बोलले. पण जोर नव्हता.

दवाखान्यात पोचल्यावर मिशनसाठी अहवाल लिहायचा होता. साहेब सांगत होते, मी लिहीत होते. ऑपरेशने नऊ, यशस्वी आठ, अयशस्वी एक. अपयशाचे कारण, रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.

माझे पेन थांबले. मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितले की त्या दुपारी मी तुम्हाला खोटे सांगितले. तो चूक झाली म्हणत नव्हता. तो काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितले.

साहेबांनी विचारले, "बाकीच्या आठ जणांना तरी कारण माहीत होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "त्यातल्या दोघांना मी धरून ठेवलं होतं. उरलेल्यांना आरोळी आली तेव्हा उठायची ताकद नव्हती."

अहवालात मी कारण लिहिले, हलायचे का नाही, ते रुग्णाला सांगितले नव्हते. खाली माझी सही केली.

आता ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक खाटेशी बसते. डोळा कसा चिरतात, टाका किती बारीक असतो, जोर केला की तो का उसवतो, सगळे सांगते. माणसे ऐकतात, उलटे प्रश्न विचारतात आणि बहुतेक वेळा ते प्रश्न शहाण्यासारखे असतात. नातेवाईक कंटाळतात. ही बाई फार बोलते, असे दानिएलही म्हणतो. बोलते खरी. एका माणसाशी बोलायचे राहून गेले.